दोन्ही उत्तरे त्याज्य

माननीय व्याहीबुवांस सादर नमस्कार.

साष्टांग लिहिणार होतो. परंतु गुडघे त्या गोष्टीस संमती देत नाहीत, आणि देहाला जे जमत नाही ते कागदावर करून दाखवणे मला पटत नाही, म्हणून केवळ सादर. आपली प्रकृती ठीक असावी. विहीणबाईंच्या खोकल्याविषयी मागे सूनबाईच्या बोलण्यात आले होते. तो एव्हाना मुक्काम हलवून गेला असेल अशी आशा करतो. माझ्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालणे चालू आहे, त्यामुळे अक्षर कोठे तिरपे दिसल्यास तो थेंबांचा दोष समजावा, हाताचा नव्हे. मी चौथीपर्यंतच शिकलो हे आपण पूर्वी चारचौघांत बोलून दाखवले आहे. परंतु त्या चौथीत शुद्धलेखन आणि वळणदार अक्षर कसून घोटून घेत असत. बाकी आमच्याकडे सर्व क्षेम आहे. (हे वाक्य रीतीप्रमाणे लिहिले. पुढील मजकुराशी त्याचा मेळ बसेलच असे नाही.)

आपणा दोघांत दीर्घकाळ पत्रव्यवहार नाही. त्याचे कारण आपण जाणता व मीही जाणतो, म्हणून ते येथे उगाळीत बसत नाही. मात्र हे पत्र चुकून तिसऱ्या कोणाच्या हाती पडले तर त्याने भलता तर्क करू नये, एवढ्यासाठी दोन ओळी लिहितो. आपण आमच्या घरी साखरेचा एक पुडा घेऊन आलात. (त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले होते, आता मानतो.) पुड्यावर एक किलो असे छापलेले होते. मी तो सवयीने स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवला आणि तो कमी भरला. मी म्हणालो, दुकानदाराने आपल्याला फसवले. आपण म्हणालात, "व्याहीबुवा, पुडा खरा आहे. तुमचा काटा खोटा आहे." ज्याने हयातभर काटे दुरुस्त केले, ज्याच्या हातून गेलेल्या काट्यावर निरीक्षक डोळे मिटून मोहोर उठवीत, त्याला त्याच्याच स्वयंपाकघरात, त्याच्याच सुनेसमोर हे ऐकावे लागले. आपण चहा अर्धा टाकून उठलात. मी दारापर्यंत आलो नाही. साखर दोघांच्याही मानापायी कोणी उघडली नाही. शेवटी त्या प्रकरणाचा निकाल मुंग्यांनी लावला. असो. उगाळीत बसत नाही.

आता मूळ विषय. व्याहीबुवा, मी थकलो आहे. काम संपवून घरी बसलेल्या माणसाने दुपारी जेवून घटकाभर आडवे व्हावे, जाग आल्यावर चहा मिळावा, आणि तो का उशिरा झाला यावर दोन शब्द बोलायला मिळावेत, एवढीच माझी माफक अपेक्षा होती. त्याऐवजी रोज दुपारी जेवणाच्या टेबलाशी ताठ बसून मी वर्गसमीकरणांचे अवयव पाडीत आहे. माझे स्वतःचे अवयव एकेक करून आपोआप पडत असताना हे दुसऱ्यांचे अवयव पाडण्याचे काम माझ्याकडे कसे आले, ते सांगतो.

आपली कन्या, म्हणजे आमची सूनबाई, दहावीच्या परीक्षेस बसते आहे. हे वाचून आपण चष्मा पुसाल. पुसावा, आणि पुन्हा वाचावे. रुग्णालयाच्या धुलाईघरात ती किती वर्षे राबते आहे हे आपण जाणताच. आता तेथील प्रमुखाची जागा रिकामी होत आहे. त्या जागेचे काम तीच करते, हे वॉर्डातल्या परिचारिकांपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सर्वांना ठाऊक आहे. परंतु नेमणुकीस दहावी उत्तीर्ण असण्याची अट आहे. ती अट पुरी झाली नाही तर बाहेरून कोणीतरी येईल, खुर्चीत बसेल, आणि चादरीची घडी कोणत्या टोकाकडून घालायची हे सूनबाईने त्याला उभ्याने शिकवायचे. बाकीचे विषय तिने सोडवले. गणित तेवढे राहिले. गणित पहिल्या वेळीही राहिले होते, आणि गणिताच्या मास्तरांच्या मुलीचेच गणित राहिले ही गोष्ट आपल्या घरी कशी बोलली गेली, किंवा कशी बोलली गेली नाही, ते मला माहीत नाही. तिने मला इतकेच बजावले, "आबा, बाबांजवळ यातलं अक्षर बोलायचं नाही. पास झाले तर मीच सांगेन. नापास झाले तर त्यांना नवीन काहीच कळणार नाही." मी बोलणार नाही असे वचन दिले, आणि आपल्याशी माझे बोलणे नसल्यामुळे ते पाळणे मला जड गेले नाही. पत्राविषयी वचन झालेले नव्हते.

तिला संध्याकाळच्या वर्गास जाण्याआधी दुपारी सराव करायचा असतो, आणि समोर कोणीतरी बसल्याखेरीज तिला सुचत नाही. आमचे चिरंजीव गाडीवर असतात. ते घरी येतात तेव्हा त्यांना झोप तरी येते किंवा विनोद तरी. हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला असता ते जेवता जेवता म्हणाले, "त्यात काय एवढं? आबा चौथी, ही नववी. बेरीज तेरावी झाली. दहावीला पुरून उरेल." सूनबाई म्हणाली, "आणि गुणाकार छत्तीस होतो, तो माझ्या माहेरच्यांसाठी ठेवलाय आबांनी." यावर लहान मुले हसावीत तसे ते नवराबायको हसले आणि मी पापडासारखा चेहरा वाकडा करून भात कालवीत राहिलो. अशा रीतीने माझी नेमणूक झाली.

माझे काम, गाईड हातात धरून तिचे उत्तर मागील पानावरील उत्तराशी जुळते की नाही एवढेच पाहायचे, असे ठरले होते. पण जे मला समजत नाही त्याला बरोबर म्हणणे माझ्याच्याने होत नाही. काटा उघडून आत पाहिल्याशिवाय मी त्याला कधी खरा म्हटलेले नाही. म्हणून प्रत्येक पायरी मला समजावून दिल्यावाचून पुढे जायचे नाही, असा दंडक मी घातला, आणि तेथून माझ्या कष्टांस आरंभ झाला. पहिल्याच पायरीला मी खुर्ची मागे सारून उभा राहिलो. समीकरण म्हणजे तराजू, हे सूनबाईने सांगितले तेव्हा मला आनंद झाला. म्हटले, हे तर आपल्याच घरातले निघाले. परंतु पुढच्याच ओळीत तिने एका पारड्यातला माल उचलून दुसऱ्या पारड्यात टाकला आणि वाटेत त्याचे चिन्ह बदलले! एवढ्यावर न थांबता, सगळा माल एकाच पारड्यात, दुसरे पारडे रिकामे, तेथे शून्य लिहिलेले, आणि म्हणे काटा मधोमध. असा तराजू बाजारात माझ्या दृष्टीस पडला असता तर मी तो जागच्या जागी जप्त करवला असता. गणित शिकवणाऱ्या लोकांवर अद्याप कोणी खटला कसा भरला नाही, याचे मला आश्चर्य वाटते. (हे व्यक्तिशः घेऊ नये.)

तरी मी नेट धरला. अवयव पाडणे ही क्रिया मात्र मला थोडी आवडली, हे कबूल करतो. शेवटचे पद हा दोन संख्यांचा गुणाकार, मधले पद ही त्यांचीच बेरीज. तर त्या दोघी कोण, ते ओळखायचे. लग्न जुळवण्यासारखेच आहे. गुणाकार जुळतो तेथे बेरीज रुसते, बेरीज जुळते तेथे गुणाकाराच्या घरचे आडवे येतात. पहिले उदाहरण सतरंजीचे होते: लांबी रुंदीपेक्षा पाचाने जास्त, क्षेत्रफळ चोवीस, तर रुंदी किती? समीकरण आले क्ष² + ५क्ष − २४ = ०. अधिक आठ आणि उणे तीन यांची जोडी जुळली, म्हणून (क्ष + ८)(क्ष − ३) = ०. आता गुणाकार शून्य आला, म्हणजे दोन कंसांपैकी एक तरी शून्य असलाच पाहिजे. म्हणून क्ष उणे आठ किंवा क्ष तीन. मी म्हणालो, "सूनबाई, सरळ माणूस एका प्रश्नाला एक उत्तर देतो. हे 'किंवा' कशाला?" तेव्हा तिने गाईडातील पुढची ओळ दाखवली: रुंदी ऋण असू शकत नाही, म्हणून क्ष = −८ हे उत्तर त्याज्य.

त्याज्य! व्याहीबुवा, त्या पुस्तकात मला पटलेला तो पहिला शब्द. ज्याने तो तेथे घातला तो कोणी जुन्या वळणाचा, काटेकोर गृहस्थ असला पाहिजे. उणे वजन नसते, उणे लांबी नसते. मग ते उत्तर घरात घ्यायचेच कशाला? मी त्याच दुपारी नियम केला की आमच्या टेबलावर कोणतेही ऋण उत्तर आले की त्याच्यापुढे ठळक अक्षरांत 'त्याज्य' लिहायचे, जोडाक्षरे नीट काढून. सूनबाई जरा थबकली. म्हणाली, "आबा, हे फक्त सतरंजीला असेल हो." मी म्हणालो, "जे सतरंजीला खोटे ते चादरीला खरे कसे होईल?" यावर तिने पेन्सिल उचलून त्याज्य लिहिले, कारण चादरीचा विषय तिचा आणि आवाज माझा. तेव्हापासून आम्ही भराभर त्याज्य लिहीत सुटलो. मला तर दुपारची झोप विसरायला झाली.

मग वर्गात सराव परीक्षा झाली. तीत सतरंजी नव्हती, शेत नव्हते, काही नव्हते. नुसतीच उघडी समीकरणे होती. आपल्या कन्येने ती सर्व बिनचूक सोडवली, दोन दोन उत्तरे काढली, आणि त्यांतील प्रत्येक ऋण उत्तरापुढे सुंदर अक्षरात 'त्याज्य' लिहिले. एक समीकरण असे होते: क्ष² + ७क्ष + १२ = ०. त्याची उत्तरे उणे तीन आणि उणे चार. तिने दोन्हींपुढे त्याज्य लिहिले, आणि खाली, दोन रेघा मारून: उत्तर काही नाही. तपासणाऱ्या बाईंनी शेजारी विचारले होते, "हे त्याज्य तुम्हांला कोणी सांगितले?" सूनबाई थोडक्यासाठी नापास झाली, आणि कोणी सांगितले ते तिने सांगितले नाही.

घरी येऊन ती ओरडली असती तर बरे झाले असते. ती पेपर टेबलावर ठेवून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालू लागली. मी विचारले, "तुला शंका आली होती, मग लिहिलेस का?" ती म्हणाली, "घरात मोठ्यांनी शिकवलेलं खोडायची सवय नाही ना मला. बाबा म्हणायचे तुला गणित येणार नाही. तेही मी कधी खोडलं नाही." हे वाक्य मी जसेच्या तसे उतरवले आहे. त्यावर माझे भाष्य नाही.

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा कोट घालून त्या बाईंकडे गेलो. (कोट यासाठी, की भांडायला गेल्यासारखे वाटू नये.) मला त्यांनी लहान मुलांच्या बाकावर बसवले. त्यात बसता आले, परंतु उठण्याचा प्रसंग पुढे बाका ठरला. बाई वयाने माझ्या नातीएवढ्या. मी त्यांना शांतपणे बजावले की मी आयुष्य वजनांत घालवले आहे, आणि उणे वजन नावाची वस्तू जगात नाही. त्या म्हणाल्या, "आजोबा, तुमचा तो स्प्रिंगचा काटा असतो ना? पारड्यासकट शून्यावर लावलेला. त्याचं पारडं काढून घेतलं तर?" मी म्हणालो, "काटा शून्याच्या मागे जातो. त्यात काय, हे कोणीही सांगेल." आणि असे बोलून झाल्यावर मी कोटाची गुंडी काढून पुन्हा लावली. बाई वह्या तपासू लागल्या. अशा वेळी वह्या तपासणारी माणसे मला आवडत नाहीत. शेवटी त्यांनी आणि शिपायाने मिळून मला बाकातून बाहेर काढले.

वाटेने येताना आठवले की आमच्या स्वयंपाकघरातील काट्याचे मूळ पितळी पारडे पूर्वीच चेपले होते, आणि त्याच्या जागी मी ॲल्युमिनियमची एक थाळी बसवली आहे, जी वजनाला पुष्कळ हलकी आहे. याचा साखरेच्या प्रकरणाशी काहीही संबंध नाही.

त्यानंतर आम्ही पुन्हा पहिल्यापासून बसलो. माझ्याकडून चुका होतात, त्याही अशा की सूनबाई कपाळावर हात मारून घेते. "अहो आबा, नाही हो, बेरीज पाहा की आधी!" असे म्हणत ती माझ्या हातातून पेन्सिल ओढून घेते आणि झरझर लिहीत जाते. त्या वेळी तिचा हात जसा चालतो तसा एरवी चालत नाही. एरवी मी पाणी घेण्यासाठी उठून तिच्या खुर्चीमागून गेलो की लेखणी जागच्या जागी थांबते. मी कारण विचारले. "काही नाही, सवय आहे," म्हणाली. पुढे चिरंजीवांकडून कळले की आपण शाळेत आणि घरी तिच्या पाठीमागे उभे राहत असा, आणि चूक दिसली की खुर्चीच्या पाठीवर बोटाने टक् करीत असा. मी आपल्याला दोष देत नाही. मीसुद्धा काटा स्थिर होतो का हे पाहण्यासाठी त्याला टिचकी मारीत असे. फक्त टिचकी मारून झाल्यावर हात काढून घ्यावा लागतो. नाहीतर काटा थरथरत राहतो आणि आपण म्हणतो, काटाच खराब.

मीही या वयात किती पुढे आलो आहे ते आपल्याला दिसावे म्हणून एक उदाहरण येथे कोणाच्याही मदतीवाचून सोडवतो. क्ष² − २क्ष − १५ = ०. पाच आणि तीन ही जोडी. गुणाकार पंधरा, फरक दोन. म्हणून (क्ष + ५)(क्ष − ३) = ०. म्हणून क्ष = −५ किंवा क्ष = ३. ऋण उत्तर तसेच ठेवले आहे, याची कृपया नोंद घ्यावी. तसेच, गुणाकार शून्य आला की एक तरी कंस शून्य असतो आणि कधी कधी दोन्ही असतात, असे सूनबाई म्हणते. आपल्या दोघांच्या संबंधांचे फळ इतका काळ शून्य आहे. त्यात कोणता कंस कोणता, हे मी लिहीत नाही. गणिताचे जाणकार आपण आहात.

परीक्षा पुढील महिन्यात आहे. माझ्याजवळ जेवढे होते तेवढे शिकवून झाले, आणि त्याचे काय फळ मिळाले ते वर लिहिलेच आहे. विहीणबाईंस नमस्कार सांगावा. काही मागण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही.

आपला,
साखरेच्या बाबतीत मत कायम असलेला,
व्याही

ताजा कलम: आपण यावे. येत्या रविवारी यावे. सूनबाईला संशय येऊ नये म्हणून आपल्या घरचा काटा बिघडला आहे आणि तो माझ्याकडून दुरुस्त करून घ्यायचा आहे, असे सांगत यावे. (बिघडलेला नसल्यास वाटेत बिघडवावा.) मग सहज टेबलाशी बसावे आणि सहजच विचारावे, हे काय चालले आहे. मी या वेळी दारापर्यंत येईन.

दुसरा ताजा कलम: तिच्या पाठीमागे उभे राहू नये. समोर बसावे. आणि एखादे उदाहरण मुद्दाम चुकवावे. आपल्याला हे अवघड जाईल याची कल्पना आहे. मला सवयीने जमते, आपल्याला सराव करावा लागेल.

तिसरा ताजा कलम: पत्र पाकिटात घालण्यापूर्वी गणिताच्या मास्तरांना चुकीचे उदाहरण जाऊ नये, म्हणून बाकीचा मजकूर तळहाताने झाकून तेवढेच सूनबाईपुढे धरले. माझा तळहात पूर्वीइतका रुंद राहिलेला नाही, हे लक्षात आले नाही. तिने पुष्कळ वेळ वाचले. मग पेन्सिल घेऊन माझ्या उत्तराशेजारी बारीक अक्षरात लिहिले: क्ष = ५ किंवा क्ष = −३. "चिन्हं उलटी घातलीत आबा, मधलं पद उणे असलं की जोडीतला मोठा उण्याकडे जातो." मी क्षमा मागावी की वचनाचा नेमका अर्थ समजावून सांगावा, या विचारात असताना ती भांडी आवरायला निघून गेली. नळ चालू झाला, बंद झाला, आणि आतून आवाज आला, "रविवारी नको म्हणावं, रविवारी माझी ड्यूटी आहे. सोमवारी या म्हणावं. आणि आईचा काटा बिघडवू नका म्हणावं, ती बाबांना घरात घेणार नाही." थोड्या वेळाने पुन्हा, "आणि मागं उभं राहू नका असं कशाला लिहिलंत? राहू दे की उभे. तिथून वही नीट दिसते."

तेव्हा वरील रविवार, काटा आणि संपूर्ण दुसरा ताजा कलम त्याज्य समजावेत. पहिल्यातील 'आपण यावे' एवढेच ठेवावे. साखर आणू नये. आणल्यास वजन करणार नाही.